मागच्या खोलीचा धूर

रेघ पहिल्यांदा दिसली ती सोलांजला, आणि तिला वाटलं, चला, वासरांपुरतं चार कवळ गवत तरी उगवलं.

जून कोरडा गेला, जुलै उजाडला तोही कोरडाच. घराखालचं रान इतकं वाळलं होतं की चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखं वाजायचं. त्या तांबड्या उतारावर एके सकाळी तिला दोन हात रुंदीचा हिरवा पट्टा दिसला. वरच्या बांधापासून वळणं घेत तो खाली आला होता, थेट घराच्या मागच्या खोलीच्या भिंतीला भिडला होता आणि घराच्या दुसऱ्या अंगाने बाहेर पडून खाली उतरला होता. घर मध्ये आलं म्हणून त्याने वाट बदलली नव्हती. सोलांजने फार विचार केला नाही. दुष्काळात हिरवं दिसलं की माणूस विचार करत नाही. तिने लांब दांड्याचं कोयतं उचललं, तासाभरात पट्टा कापला आणि भारा डोक्यावर घेऊन गोठ्यात नेला.

तिचा भाऊ ओगुस्त दाराशी बाकावर बसून दुसऱ्या कोयत्याला धार लावत होता. त्रेसष्ट वर्षांचा, उजवा खुबा कामातून गेलेला. बसला की उठायला आणि उठला की बसायला तितकाच वेळ घ्यायचा. सोलांज त्याच्याहून पाच वर्षांनी धाकटी. दोघंही बिनलग्नाची. का राहिली, हे कोणी विचारत नव्हतं. त्या पठारावर अशी भावाबहिणींची घरं एकाआड एक सापडत.

"कुठलं गं गवत?" त्याने विचारलं.

"घरामागचं. पट्टाच उगवलाय हिरवा. सरळ आपल्या भिंतीत घुसलाय बघ."

ओगुस्तने धार लावायचा दगड खाली ठेवला. "तो ओढा हाय," तो म्हणाला.

"कसला ओढा? ओढा तर तिकडं पन्नास पावलांवर हाय. आन त्यातबी यंदा टिपूस न्हाई."

"तो आज्यानं वळवलेला. पयला इथनं व्हायचा. आज्यानं तो बुजवला, तिकडं चर खणून पाणी फिरवलं, आन बुजवलेल्या जागेवर मागची खोली बांधली. ओढा मेला तरी ओल मरत न्हाई, सोले. कोरड्या साली वर येती ती."

एवढं बोलून तो पुन्हा धार लावू लागला. दोघांनाही तेव्हा वाटलं, गोष्ट संपली.

पण त्याच आठवड्यात सरकारी विमान त्या पठाराचे फोटो काढत फिरत होतं. दुष्काळाचे असतील असं गावात सगळ्यांना वाटलं. ते नकाशाचे होते. ऑगस्टच्या सुरुवातीला पत्र आलं. ओढा ही दोन जिल्ह्यांची हद्द. हद्द लिहिली गेली तेव्हा ओढा जिथून वाहत होता तीच खरी हद्द, आणि तो कुठून वाहत होता हे यंदा आकाशातून स्वच्छ दिसलं आहे. त्रेमोले भावंडांचं घर त्या रेघेवर येतं. तेव्हा ही भावंडं कोंबारेल वाडीची रहिवासी आहेत की पलीकडच्या जिल्ह्याची, हे ठरवायला तेवीस तारखेला मोजणीसाहेब येतील. रहिवासी नसल्यास वाडीच्या वरच्या कुरणावरचा हक्क राहणार नाही.

सोलांजने पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी तिचे ओठ हलत होते.

वरचं कुरण कोणा एकाचं नव्हतं, वाडीचं होतं. वाडीत घर करून जो हिवाळा काढील, त्याच्या गुरांनी उन्हाळ्यात तिथे चरावं, अशी रीत. वाडीत घरं तीन. एक त्यांचं, एक लेओन क्रुझेचं, आणि तिसरं पॅरिसच्या लोकांचं. ते ऑगस्टात पंधरा दिवस खिडक्या उघडायचे, फोटो काढायचे आणि खिडक्या लावून जायचे. कुरणात एक झरा होता, आणि त्या उन्हाळ्यात चार मैलांच्या टापूत वाहतं पाणी तेवढंच उरलं होतं. त्रेमोलेंच्या एकवीस गाई, फिक्या तांबूस रंगाच्या, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांच्या, मे महिन्यापासून वर होत्या. त्या खाली आणायच्या म्हणजे कुठे आणायच्या? खाली गवत नव्हतं आणि पाणीही नव्हतं. खाली आणायच्या म्हणजे खाटकाच्या गाडीत चढवायच्या, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघांपैकी कोणीच ते बोललं नाही.

"म्हंजे आपण पंधराचे झालो?" ओगुस्त शेवटी म्हणाला.

तिकडे जिल्ह्याला नावाने कोणी हाक मारत नाही. गाडीच्या पाटीवर जो आकडा असतो तोच जिल्हा. ओढ्याअलीकडचा लोझेर अठ्ठेचाळीस, पलीकडचा कांताल पंधरा. जत्रेत गाडी लावताना माणसं आधी आकडा बघत आणि मग शेजारच्याशी बोलायचं की नाही ते ठरवत. त्यांची आई मेलानी या बाबतीत फार कडक होती. "पंधराच्या माणसानं हात मिळवला," ती म्हणायची, "तर घरी येऊन बोटं मोजावी."

"हे क्रुझेचं काम," सोलांज म्हणाली.

"त्याचं कशापायी?"

"मग कुणाचं? आपण गेलो तर आख्खं कुरण त्येच्या एकट्याचं. साठ गुरं हायत त्येची. मांजर डोळं मिटून दूध पितंय, दादा."

 क्रुझेवर सोलांजचा राग जुना होता, आणि त्या रागाची तारीख ओगुस्तला माहीत होती. अकरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, आई गेली त्या सकाळी बाहेर कमरेएवढं बर्फ आणि पठारावरचा आंधळा वारा सुटलेला. आई पहाटे गेली. ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसून होती, आणि आठाच्या सुमाराला दारावर थाप पडली. दारात क्रुझे. टोपीवर बर्फ, मिशीवर बर्फ. म्हणाला, लाकडं फोडायला पाचर हवी होती. सोलांजने एक शब्द न बोलता आतून पाचर आणून त्याच्या हातात दिली होती. मग त्याला खोलीतलं दिसलं आणि त्याने टोपी काढली, ते वेगळं. त्याने दुपारपर्यंत खपून रस्त्यापर्यंतचं बर्फ बाजूला केलं, तेही वेगळं. आई थंड पडायच्या आत हा माणूस पाचर मागायला आला, हे तिच्या मनातून गेलं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणाच्या तोंडाशी साखळी बांधली. क्रुझेचा पाण्याचा टँकर त्यांच्या अंगणातून वरच्या रस्त्याला लागायचा. त्याच्या बापापासूनची वहिवाट होती. क्रुझे आला. ट्रॅक्टर थांबवून त्याने साखळीकडे पाहिलं, मग गोठ्याच्या दारात उभ्या सोलांजकडे पाहिलं. टोपीला बोट लावलं, ट्रॅक्टर मागे घेतला आणि दोन मैलांचा वळसा घालून गेला. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या लांबच्या वळणावर ट्रॅक्टरचा आवाज येई, आणि रोज तो आवाज संपेपर्यंत तिचं गोठा झाडणं नीट होत नसे.

मंगळवारी ती बसने जिल्ह्याच्या गावी गेली. चांगले बूट घातले होते. ते लागत होते. खिडकीमागची मुलगी नम्र होती, आणि नम्र माणसाशी भांडता येत नाही याची सोलांजला चीड आली.

"रेघ कुणी हलवली?" तिने विचारलं.

"कुणीच नाही, मादाम. रेघ दोनशे वर्षं तिथंच आहे. तुमच्या आजोबांनी ओढा वळवला, हद्द नाही वळवली."

"आमचं टपाल अठ्ठेचाळीसला येतं. मत अठ्ठेचाळीसला देतो. आमच्या बापाची कबर अठ्ठेचाळीसात हाय."

"हो, ते सगळं आम्ही लिहून घेऊच. पण घर रेघेवर असलं की राहण्याची जागा बघतात." मुलीने जरा घुटमळत विचारलं, "तुम्ही झोपता कुठं?"

"मागच्या खोलीत. हिवाळ्यात दोघंबी. चूल तिथं हाय."

"आणि मागची खोली..."

मुलीने नकाशा फिरवून तिच्यासमोर धरला. घर एका बोटाच्या नखाएवढं होतं आणि रेघ त्यातून गेली होती. मागची खोली सगळीच्या सगळी पलीकडे होती. सोलांजने नखाने ती जागा उगाच घासून पाहिली, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन हात मागे घेतला. परतीच्या बसमध्ये तिने बूट काढून मांडीवर घेतले.

घरी आल्यावर ओगुस्तने सगळं ऐकून घेतलं. भाकरीच्या तुकड्याने सूपचा वाडगा पुसला, तुकडा खाल्ला आणि म्हणाला, "झोपण्याचं ऱ्हाऊ दे. वाडीच्या जुन्या नियमात चूल लिवलीय. आजा म्हणून दाखवायचा. 'ज्याची चूल हिवाळाभर पेटती, त्याची गुरं कुरणात जाती.' कचेरीत वही असंल अजून. चूल महत्त्वाची."

"मग तेच तर. चूल मागच्या खोलीत हाय."

"तुला मी तवाच म्हणलो होतो," ओगुस्त म्हणाला, "चूल हलवू नगं म्हणून."

तो खरंच म्हणाला होता. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात आईला मागच्या खोलीतून हलवता येईना आणि पुढच्या स्वयंपाकघरातली ऊब तिच्यापर्यंत पोचेना. तेव्हा सोलांजने लोखंडी चूल ओढत मागे नेली, भिंतीला भोक पाडून धुराडं बाहेर काढलं, आणि पुढची भिंतीतली जुनी चूल, जिच्यात माणूस उभा राहील एवढी मोठी, ती फळ्या ठोकून बंद केली. आई चार महिने उबेत झोपली. म्हणायची, "माझ्या पायात पुन्हा रक्त आलं गं." आई गेल्यावर चूल परत पुढे आणायची राहूनच गेली.

"म्हणाला होतास," सोलांज म्हणाली. "आन मी ऐकलं न्हाई. बरं केलं."

"बरं केलंस," ओगुस्तनेही कबूल केलं. "पण आता काय करायचं?"

शनिवारी त्यांनी जुनी चूल उघडायला घेतली. फळ्यांचे खिळे गंजून लाकडात मुरले होते. ओगुस्त स्टुलावर बसून पहारीने एकेक उचकटत होता. खुब्यातून कळ आली की थांबायचा, शिवी द्यायचा आणि पुन्हा जोर करायचा. फळ्या निघाल्या तसा आतून अकरा वर्षांचा काळोख आणि कावळ्यांच्या काटक्या भसकन बाहेर आल्या. धुराड्यात घरट्यावर घरटं रचलेलं होतं. सोलांज आत उभी राहून वर लांब बांबू खुपसत होती. काजळी तिच्या मानेवरून आत पाठीत उतरत होती आणि घामात मिसळून कमरेशी चिकटत होती. अकरा पोती काटक्या निघाल्या. धुराड्यातल्या एका कपारीत, कुठल्या जुन्या कावळ्याने नेऊन टाकलेला, चांदीचा चमचा सापडला, आईचा, जो हरवला म्हणून आईने तीस वर्षं एका मोलकरणीला बोल लावला होता.

"बिचारी पंधराची होती," ओगुस्त चमचा पुसत म्हणाला. "म्हणून तर आईनं तिच्यावर घेतलं."

सोलांज हसली. हसताना दातांत काजळी कचकचली.

सोमवारपर्यंत भेगा चुन्याने भरल्या. मंगळवारी, सावलीतही अंगाची लाही होत असताना, त्यांनी चुलीत लाकडं रचली आणि पेटवली. धूर आधी घरात कोंडला, मग वाट सापडल्यासारखा वर गेला. दोघं समोर बसली. ओगुस्तच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता.

"बघ," तो म्हणाला, "आता आपण पुन्हा अठ्ठेचाळीसचे."

"साहेबानं विचारलं तर?"

"म्हणायचं, पयल्यापासनं इथंच हाय. त्येला काय कळतंय?"

 एवढं खोटं तर बैलबाजारात दर गुरुवारी सगळेच बोलतात, असं सोलांज मनाला सांगत राहिली.

तेवीस तारखेला सकाळी दहाला गाडी आली. पुढे मेयर रेमोंदबाई. चाळीस वर्षं त्या टापूत टपाल वाटून निवृत्त झालेल्या, मग लोकांनी त्यांना मेयर केलं, कारण प्रत्येक घराचा कुत्रा त्यांना ओळखत होता. ओगुस्तच्या वर्गातल्या. मागून मोजणीसाहेब, तिशीतला, हातात उंच काठी आणि तिच्या टोकाला उपग्रहावरून नेमकी जागा दाखवणारी पांढरी थाळी. तो घरात शिरला आणि क्षणभर मागे सरला. बाहेर सदतीस अंश, आणि आत भट्टी लागलेली.

"तुम्हाला थंडी वाजते का?" त्याने मनापासून विचारलं.

"जुनं घर हाय साहेब," ओगुस्त म्हणाला. "ओल असती."

रेमोंदबाईंनी चुलीकडे पाहिलं, मग ओगुस्तकडे, आणि काखेतली जुनी वही दुसऱ्या काखेत घेतली. ओठ दाबून धरले होते, पण गाल हलत होते.

साहेब काठी टेकवत, थांबत, पुढे सरकत गेला. खिशातून खडू काढून गुडघ्यांवर बसला आणि फरशीवर रेघ ओढू लागला. रेघ भांड्यांच्या कपाटाखालून आली, मागच्या खोलीच्या उंबऱ्यापासून एक वीत अलीकडून गेली आणि खिडकीखाली भिंतीत संपली. सोलांज ती रेघ येताना बघत होती. स्वयंपाकघर इकडे राहिलं. मागची खोली, तिच्यातली लोखंडी चूल, दोघांच्या खाटा आणि कोपऱ्यातली तिसरी, जिच्यावर आता घड्या घातलेल्या चादरी असत, सगळं पलीकडे गेलं.

ओगुस्त काठी टेकत उंबऱ्यापर्यंत गेला आणि आत बघत उभा राहिला.

"म्हंजे आई," तो हळू आवाजात म्हणाला, "पंधरामध्ये मेली."

रेमोंदबाईंचा चेहरा एकदम बदलला. मृत्यूच्या नोंदवहीत मेलानी त्रेमोलेचं नाव त्यांनीच वाचलं होतं, कोंबारेल, अठ्ठेचाळीस.

"आपण तिला परजिल्ह्यात मारली, सोले. आन तिला कळलंबी न्हाई."

साहेब उठला, गुडघे झाडले. त्याला वाईट वाटत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण काम तर करायलाच हवं होतं. "घर दोन्हीकडे आहे," तो म्हणाला. "अशा वेळी वास्तव्य कुठं ते बघायचं. हिवाळ्यात तुमचा विस्तव कुठं असतो?"

"हा काय समोर," ओगुस्त म्हणाला. "कायमच..."

साहेबाचं लक्ष चुलीभोवतीच्या चुन्याकडे गेलं. तो अजून पांढराशुभ्र होता. साहेब सोलांजकडे वळला. "मादाम?"

सोलांजने तोंड उघडलं. शब्द तयार होते. पण तिची नजर कोपऱ्यातल्या त्या खाटेवर गेली आणि तिला कळलं की हे खोटं बैलबाजारातलं नाही. मागच्या खोलीत विस्तव नव्हता असं म्हणायचं म्हणजे त्या हिवाळ्यात आईला गारठ्यात निजवलं असं म्हणायचं. मध्यरात्री उठून घातलेलं एकेक लाकूड नव्हतंच म्हणायचं. आईच्या पायात रक्त आलं नव्हतं म्हणायचं. एकवीस गाईंसाठीसुद्धा तिला ते जमेना.

"ही चूल चार दिसांची हाय," ती म्हणाली. "विस्तव आत असतो. अकरा वर्सं झाली. आईसाठी मी नेला होता."

"सोले!" ओगुस्त ओरडला.

"नेला होता. आन पुन्हा तशी येळ आली तर पुन्हा नेईन."

 भिंतीतल्या चुलीत एक लाकूड फुटलं. साहेबाने कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ते काय असणार हे ओगुस्तने ओळखलं. तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हात काठीवर ठेवून खाली बघत राहिला. सोलांज मनात गाई मोजू लागली. कोणती आधी द्यायची, कोणती गाभण आहे, म्हातारी ब्रुनेत गाडीत चढताना पाय मोडून घेईल.

"थांबा जरा," रेमोंदबाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली. कातडी बांधणीची, कडा उंदरांनी खाल्लेल्या. चष्मा नाकावर खाली ओढून त्या वाचू लागल्या. "'कोंबारेल वाडीच्या कुरणाचा नियम. ज्या घराचा धूर हिवाळाभर शेजाऱ्याला आपल्या उंबऱ्यावरून दिसतो, आणि शेजारी तसं शपथेवर सांगतो, ते घर वाडीचं.'"

"चूल हाय ते," ओगुस्त मान वर न करता म्हणाला. "'ज्याची चूल हिवाळाभर...'"

"धूर आहे, ओगुस्त. तुझा आजा वाचत नव्हता, गात होता. यमक जुळवायला त्यानं चूल केली असेल."

साहेबाने वही हातात घेतली, स्वतः वाचली, पान मागेपुढे केलं. "यात जिल्ह्याचा उल्लेखच नाही."

"कसा असेल? नियम जिल्ह्याच्या आधीचा आहे."

साहेबाने वही परत दिली. मग म्हणाला, "रेघेवरच्या घराला गावची रीत लावता येते. मी ते लिहू शकतो. पण शेजाऱ्यानं सांगायला हवं."

"शेजारी बोलावलाय मी," रेमोंदबाई म्हणाल्या. "दहाचा बोलावला होता. अजून आला कसा नाही?"

सोलांजने खिडकीतून पाहिलं. क्रुझे आलेला होता. अंगणाच्या तोंडाशी, साखळीच्या पलीकडे, उन्हात उभा होता. साखळी गुडघ्याएवढीच होती, लहान मूलही ओलांडून आलं असतं. पण तो ओलांडत नव्हता. टोपी हातात घेऊन, धुतलेला सदरा घालून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. सदरा पाठीला चिकटला होता.

पहिल्यांदा तिला वाटलं, दादाला पाठवावं. पण दादाचा खुबा. मग ती स्वतःच गेली. अंगण कधी इतकं लांब वाटलं नव्हतं. साखळीची गाठ तिने स्वतः बांधली होती आणि ती आता सुटेना; वाकून, नखं मोडून, ती सोडवत राहिली. वरून क्रुझे तिचं डोकं बघत असणार, केसांत अजून काजळी असणार.

"सरळ यायचं की," ती खालीच बघत म्हणाली.

"बांधलीय म्हंजे काय तरी कारण असंल," क्रुझे म्हणाला.

घरात रेमोंदबाईंनी त्याला नियम वाचून दाखवला. तो लक्ष देऊन ऐकत होता. सोलांज भिंतीला टेकून उभी होती. आता या माणसाने नुसतं 'मला नक्की सांगता येत नाही' म्हटलं की झालं, साठ गुरांना आख्खं कुरण मोकळं. आणि तीन आठवडे तिने त्याला दोन मैल फिरवलं होतं.

"तुमच्या उंबऱ्यावरून या घराचा धूर दिसतो का?" साहेबाने विचारलं.

"दिसतो."

"हिवाळाभर?"

"सकाळी उठलो की पयलं तिकडंच बघतो. धूर हाय म्हंजे माणसं हायत. मग कॉफी टाकतो."

"कोणत्या धुराड्यातून?"

"आधी पुढच्या. मग अकरा वर्सं मागच्या." त्याने खांदे उडवले. "धुराला काय, वर गेला की वारा नेईल तिकडं."

"रोज दिसतो? एकही दिवस चुकला नाही?"

क्रुझेने टोपी हातात एकदा फिरवली. "एक दिस चुकला. शपथेवर सांगायचं म्हंजे ते बी सांगाया पायजे." तो फरशीवरच्या खडूच्या रेघेकडे बघत होता. "फेब्रुवारीत. अकरा वर्सांमागं. रातभर वारं होतं. उजाडलं, धूर न्हाई. सात वाजलं, न्हाई. म्हणलं, उठली नसतील. आठ वाजलं तरी न्हाई. मग मी आलो."

सोलांजला आठवलं. पहाटेपासून ती दोघं आईच्या दोन बाजूंना बसली होती, आणि चुलीत लाकूड घालायचं कोणालाच सुचलं नव्हतं. विस्तव आपोआप विझला होता.

"तू पाचर मागाया आला होतास," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला.

"काय तरी मागाया तर लागतंय," क्रुझे म्हणाला. "मोकळ्या हातानं दार वाजवून कसं इचारायचं, कोण मेलंबिलं का म्हणून."

"तुज्याकडं पाचर नव्हती?"

"चार हायत," तो म्हणाला, आणि ओशाळला.

रेमोंदबाईंनी वही पुढे केली. क्रुझेने सही केली. त्याच्या बोटात पेन लाकडाच्या ढलपीसारखं दिसत होतं. साहेबाने स्वतःच्या कागदावरची आधीची ओळ खोडली आणि सावकाश नवीन लिहिलं. जाताना तो रेमोंदबाईंना विचारत होता, धूर सरकारी अर्जात कोणत्या रकान्यात भरायचा. रेमोंदबाई म्हणाल्या, इतर. गाडी गेली. क्रुझे तिच्या आधीच निघून गेला होता, नेहमीसारखा टोपीला बोट लावून, आणि त्याला काही म्हणायचं सोलांजला सुचलं नव्हतं.

ओगुस्तने बादलीभर पाणी ओतून भिंतीतली चूल विझवली. मग ओल्या फडक्याने खडूची रेघ पुसायला वाकू लागला.

"ऱ्हाऊ दे," सोलांज म्हणाली.

"का गं?"

"तुजा खुबा. मी पुसते उद्या."

दुसऱ्या दिवशी ती उजाडताना उठली. गॅसवर कॉफी ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, गॅस बंद केला. मागच्या खोलीत जाऊन लोखंडी चुलीत मूठभर काटक्या घातल्या, कालच्याच, कावळ्यांच्या, आणि पेटवल्या. ओगुस्त खाटेवर उठून बसला, ऑगस्टातल्या त्या विस्तवाकडे बघत राहिला, आणि काही न विचारता पुन्हा आडवा झाला.

ती अंगणात आली. मागच्या धुराड्यातून बारीक धूर निघून सरळ वर चालला होता. तिने तो पाहिला आणि मग मान वळवून क्रुझेच्या छपराकडे पाहिलं. त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन्ही मुलगे शहरात. त्याचं धुराडं विटांचं होतं, एका कडेने ढासळलेलं; कधी ढासळलं, तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने त्या धुराड्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. एखाद्या सकाळी तिथून धूर निघाला नसता तर तिला दुपारी कळलं असतं, की दोन दिवसांनी, की टपाल साचल्यावर?

आता तिथे धूर नव्हता. ऑगस्टात कोण चूल पेटवतो. तो गॅसवरच करत असणार, हे तिला कळत होतं. तरी तिने एप्रनला हात पुसले, सोडलेली साखळी गुंडाळून बाकावर ठेवली आणि उतार चढून गेली. वाटेतलं गवत पायाखाली मोडत होतं. वरच्या कुरणात कुठेतरी ब्रुनेतची घंटा वाजत होती.

तिने दार वाजवलं. आत खुर्ची सरकली. क्रुझेने दार उघडलं, एका गालावर दाढीचा फेस, एक गाल कोरा.

"पाचर हाय का?" सोलांजने विचारलं.

क्रुझे तिच्याकडे बघत राहिला. मग तिच्या खांद्यावरून खाली, तिच्या घराच्या धुराकडे.

"हाय की," तो म्हणाला. "आत ये. कॉफी टाकतोय."